जळिताचा फोटो पांढरा का पडतो?



ऊस जळाला की पहिली धावपळ तोडीची. जळित उसाला थांबायला वेळ नसतो. उशीर झाला की वजन घटतं, उतारा पडतो. म्हणून आग विझली रे विझली की गट ऑफिसला वर्दी, टोळीची जुळवाजुळव आणि दोन दिवसांत फड मोकळा. पण त्याच वेळी तिथला पुरावाही मोकळा होतो, हे आपल्या ध्यानात येत नाही. मागे राहतो तो पंचनामा आणि फोटो.

गेल्या हंगामात आपल्याच एका सभासदाच्या फडात वरची वीजतार तुटून ठिणगी पडली. पोरगं हुशार. घरात लग्नासाठी घेतलेला डिजिटल कॅमेरा होता, तो घेऊन भर बारा वाजता फडावर गेलं आणि चाळीस फोटो काढले. चार दिवसांनी आबा ते फोटो घेऊन आमच्याकडं आले. “साहेब, समदं पांढरंफटक आलंय बघा. तार कुठाय ह्यात?”

आम्ही एकेक फोटो मोठा करून पाहिला. उसाची काळी कांडी राखेसारखी करडी दिसत होती आणि आभाळाचा नुसता पांढरा कागद झाला होता. लोंबणारी बारीक तार त्या पांढऱ्यात विरून गेली होती. तोवर तार जोडून झाली होती, ऊस गव्हाणीत गेला होता. पुन्हा फोटो काढायला काही शिल्लक नव्हतं. भरपाईचं प्रकरण अजून रेंगाळलेलं आहे. ही पाळी दुसऱ्या कुणावर येऊ नये म्हणून हा लेख.

चूक कुठं झाली?

कॅमेऱ्याच्या पोटात उजेड मोजायची सोय असते. पण वजनकाट्याला जसं गाडीत ऊस आहे की पाचट हे कळत नाही, तसं कॅमेऱ्यालाही समोर काय आहे ते कळत नाही. समोरचं सगळं मिळून मध्यम करडं यावं, एवढंच तो बघतो. जळका फड काळा. कॅमेऱ्याला वाटतं, इथं अंधार आहे. म्हणून तो जादा उजेड आत घेतो. काळं करडं होतं आणि आधीच उजळ असलेलं आभाळ पार पांढरं पडतं.

दुसरी चूक आदल्या रात्रीची. घरातल्या कार्यक्रमासाठी कॅमेऱ्याचा आयएसओ १६०० वर ठेवला होता, तो तसाच राहिला. आयएसओ म्हणजे उजेडाला दाद देण्याची ताकद. रात्री ती लागते, उन्हात ती नडते. आयएसओ १०० असेल तर कडक उन्हात एफ ८ ला सेकंदाचा सुमारे १/४०० भाग पुरतो. १६०० ला तेच १/६४०० लागतं. त्या कॅमेऱ्याची धाव १/२००० पर्यंतच होती. मग फोटो पांढरा पडणार नाही तर काय!

उन्हात फोटो काढण्यापूर्वी

१. आयएसओ १०० किंवा २०० वर आणा. रात्रीचा मोड लावलेला असेल तर काढून टाका.

२. अधिक-उणे अशी खूण असलेलं बटण शोधा. ते शून्यावर आहे ना, बघा. काळा फड किंवा उसाची गर्द दाटी समोर असेल तर ते उणे एकवर न्या. उणे एक म्हणजे उजेड निम्मा. बहुतेक कॅमेऱ्यांत त्याला तीन टिचक्या लागतात.

३. सूर्य पाठीशी ठेवा. सकाळचं आणि चारनंतरचं ऊन मऊ असतं. पण जळिताच्या वेळी उन्हं उतरायची वाट बघू नका. लगेच काढा, उणे करून काढा.

४. एकच गोष्ट तीनदा टिपा: शून्यावर, उणे एकवर, उणे दोनवर. फिल्मच्या काळी ह्याला पैसे पडायचे, आता पडत नाहीत.

५. तारेसाठी कॅमेरा आभाळाकडं रोखा. आभाळ उजळ असल्यानं कॅमेरा उजेड कमी करतो आणि तार काळी, ठळक उठते. मात्र तुटलेल्या तारेच्या जवळ जाऊ नका, तिला हात लावू नका. लांबूनच काढा.

६. फोटो काढल्यावर जागेवरच तपासा. पुष्कळ कॅमेऱ्यांत पार पांढरा पडलेला भाग पडद्यावर लुकलुकतो. उन्हात पडदा नीट दिसत नाही, तेव्हा झाडाच्या सावलीत जाऊन बघा.

मोबाईलवर फोटो काढणाऱ्यांनी पडद्यावर उजळ जागी बोट टेकवावं. बहुतेक मोबाईलमध्ये शेजारी सूर्याची खूण येते. ती खाली ओढली की फोटो गडद होतो.

पांढरा फोटो दुरुस्त होतो का?

थोडाफार होतो. नुसता फिकट असेल तर संगणकावर गडद करता येतो. कॅमेऱ्यात ‘रॉ’ फाईलची सोय असेल तर आणखी काही परत मिळतं. पण जिथं पार पांढरं झालं, तिथं माहितीच उरलेली नसते. गडद करताना जरा काळा झालेला फोटो पुष्कळदा सुधारतो. जळालेला पांढरा सुधारत नाही. म्हणून चुकायचंच तर गडद बाजूला चुका.

दुरुस्ती नेहमी प्रतीवर करा. मूळ फाईल जशीच्या तशी जपून ठेवा. कॅमेऱ्यातली तारीख-वेळही बरोबर लावून ठेवा. पुराव्याच्या वेळी तीच विचारली जाते.

एवढं करूनही घरात फोटो चांगले आणि उन्हात पांढरे येत असतील, तर आतली पाकळी किंवा शटर अडकलेलं असू शकतं. असा कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडंच न्यावा, घरी खोलू नये.

ते पोरगं आता आमच्या गटातल्या इतरांना हे शिकवतंय. परवा आबा आले होते. म्हणाले, “तार गेली ती गेली साहेब, पर पुढच्याची तरी दिसू द्या.” आमचंही तेवढंच मागणं आहे. हंगाम सुरू होण्यापूर्वी एकदा कॅमेरा घेऊन बांधावर जा आणि उभ्या उसाचे दहा फोटो काढून बघा. हात बसला म्हणजे वेळेला गडबड होत नाही.