बस, उतारू आणि चालक

‘बस’ हा शब्द लॅटिनमधील ‘ऑम्निबस’ म्हणजे ‘सर्वांसाठी’ या शब्दाचे शेपूट होय. संगणकात अनेक उपकरणांनी सामाईक वापरावयाचा जो मार्ग, त्यासही बसच म्हणतात. मात्र येथे एक गंमत आहे. रस्त्यावरचा चालक बस चालवितो. संगणकातला चालक उतारूस चालवितो! छपाईयंत्र, कळफलक अशा एकेका उपकरणाशी त्याच्या भाषेत बोलणारा आज्ञासंच, तो चालक.

उतारू आणि चालक यांची गाठ कोणी घालावयाची? लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी १९९१ साली आरंभिलेल्या लिनक्स प्रणालीत पुष्कळ वर्षे प्रत्येक बस हे काम आपापल्या परीने करी. सबंध यंत्र कसे जोडलेले आहे हे सांगणारी एक वही प्रणालीच्या गाभ्याजवळ नव्हती. वीज वाचविण्यासाठी यंत्र निजवावयाचे झाले की ही उणीव बोचे. आधी उपकरण निजले पाहिजे, मग ज्या बसवर ते आहे ती बस. क्रम उलटला तर उपकरणापर्यंत निरोपच पोहोचावयाचा नाही. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ या आवृत्तीत सर्व बसांसाठी एकच मांडणी आली.

तीत बसच्या नोंदीत तिचे नाव असते, उपकरणांची व चालकांची अशा दोन याद्या असतात, आणि जुळणी पाहण्याची एक रीत असते. हे वधूवरसूचक मंडळच म्हणा ना! नवे उपकरण आले की बस ते एकेका चालकापुढे ठेवते. नवा चालक आला की याच्या उलट. जुळणी कशी पाहावयाची हे मात्र ज्या त्या बसने ठरवावयाचे. पीसीआय बसवर प्रत्येक उपकरण उत्पादकाचा व नमुन्याचा असे दोन क्रमांक सांगते. इंटेल कंपनीचा क्रमांक षोडशमान पद्धतीत ८०८६ आहे. तिच्या १९७८ सालच्या प्रसिद्ध प्रक्रियकाचेही नाव तेच. क्रमांक घेणाऱ्यास विनोदबुद्धी असावी.

सर्व उपकरणांस समान अशी जी नोंद, ती पीसीआय उपकरणाच्या मोठ्या नोंदीच्या पोटातच ठेवलेली असते. घरात देव्हारा असावा तशी. देव्हाऱ्यापासून उंबरठा किती पावलांवर हे ठाऊक असले की आतून बाहेर येता येते. तसेच आतल्या नोंदीच्या पत्त्यातून ठराविक अंतर वजा केले की बाहेरच्या नोंदीचा पत्ता मिळतो. त्यामुळे गाभ्यास पीसीआयचे काहीही ठाऊक असावे लागत नाही.

खरी कसोटी लागते ती उतारू मध्येच उतरला म्हणजे. फाइल उघडी असतानाच कोणी पेनड्राइव्ह उपटतो. उपकरण गेले, पण त्याची नोंद त्याच क्षणी खोडली तर? स्मृतीतील ती जागा दुसऱ्या कामास दिली जाईल, आणि जुना पत्ता जवळ बाळगणारा कोणी तेथे लिहावयास जाईल, तर यंत्र कोसळेल. क्वचित एखादा लबाड मनुष्य याच फटीतून आत शिरेल. म्हणून प्रत्येक नोंदीत एक गणना ठेवलेली असते. नोंद हाती घेणाऱ्याने ती एकाने वाढवावयाची, सोडताना एकाने उतरवावयाची. ती शून्यावर आल्यावाचून जागा मोकळी करावयाची नाही. नियम शाळकरी पोरालाही समजेल असा आहे, पण एका ठिकाणी उतरविणे राहिले तर नोंद कायमची अडून बसते, आणि एकदा जास्त उतरविले तर वर सांगितलेला अनर्थ ओढवतो.

काही उपकरणांस मात्र स्वतःचे नावही सांगता येत नाही. भ्रमणध्वनीच्या चकतीतच बसविलेली बरीच उपकरणे अशी मुकी असतात. त्यांच्यासाठी लिनक्सने ‘प्लॅटफॉर्म’ नावाची एक मानीव बस कल्पिली आहे. तिच्यावर कोण कोण बसले आहे हे यंत्र सुरू होतानाच एका लेखी यादीवरून गाभ्यास सांगावे लागते.