किडनीची अदलाबदल : कोडे चार जोड्यांचे

पत्नी नवऱ्याला किडनी द्यायला तयार आहे, तिची प्रकृतीही ठणठणीत आहे. पण तिचा रक्तगट ए आणि त्याचा बी. दुसऱ्या एका घरात नेमके उलटे. तिथे आई बी गटाची आणि मुलगा ए गटाचा. दोन्ही घरांत दाता आहे, देण्याची इच्छा आहे, तरी दोन्ही रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जातात. या दोन घरांची गाठ पडली, तर पत्नीची किडनी त्या मुलाला आणि आईची किडनी या नवऱ्याला मिळू शकते.

याला ‘स्वॅप’ म्हणजे अदलाबदलीचे प्रत्यारोपण म्हणतात. फेलिक्स रापापोर्ट या शल्यविशारदांनी ही कल्पना १९८६ मध्ये मांडली आणि दक्षिण कोरियात १९९१ मध्ये ती प्रत्यक्षात आली. कल्पना इतकी सरळ, की यात गणिताचे काय काम, असे वाटावे. जोड्या दोनच असतील तोवर ते खरेही आहे. जोड्या चार झाल्या की मात्र कोडे सुरू होते.

क, ख, ग आणि घ अशा चार जोड्या घ्या. प्रत्येक जोडीत एक रुग्ण आणि त्याचा न जुळणारा दाता. तपासण्यांवरून असे दिसते, की क आणि ख यांची अदलाबदल होऊ शकते, ख आणि ग यांची होऊ शकते आणि ग आणि घ यांचीही होऊ शकते. बाकी कोणाचे कोणाशी जुळत नाही. आता ख आणि ग यांचे कागद आधी पूर्ण झाले म्हणून त्यांची अदलाबदल उरकली, तर दोन प्रत्यारोपणे होतात. क आणि घ यांच्यासाठी कोणीच उरत नाही. तेच क-ख आणि ग-घ अशा जोड्या लावल्या, तर चौघेही रुग्ण बरे होऊन घरी जातात. दाते तेच, रुग्ण तेच, डॉक्टरही तेच. फरक फक्त कोणाची गाठ कोणाशी घातली, एवढाच. समोर आलेली पहिली चांगली संधी लगेच घेणे दर वेळी शहाणपणाचे नसते, हे बुद्धिबळ खेळणाऱ्याला ठाऊक असते. इथे त्या चालीची किंमत दोन रुग्णांना मोजावी लागते.

चार जोड्यांचे उत्तर कागदावर सापडते. दहा जोड्या झाल्या की दोघा-दोघांच्या ४५ गाठी तपासाव्या लागतात आणि शंभर झाल्या की ४,९५०. त्यातून सर्वांत जास्त रुग्णांना लाभ देणारी मांडणी निवडायची. सुदैवाने हे काम वेगाने करण्याची रीत गणितज्ञ जॅक एडमंड्स यांनी १९६५ मध्येच शोधून ठेवली होती. तेव्हा त्यांच्यासमोर किडनीचा प्रश्न नव्हता. ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांचे ते निखळ गणित होते.

काही वेळा दोघांत जमत नाही, पण तिघांत जमते. पहिल्याचा दाता दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला आणि तिसऱ्याचा पहिल्याला. शंभर जोड्यांमध्ये अशी तीन-तीनची ३ लाख २३ हजार ४०० संभाव्य वर्तुळे होतात. इथे गणितात एक गंमत घडते. फक्त दोघांच्याच अदलाबदली करायच्या असतील, तर उत्तम मांडणी संगणक झटपट काढतो. वर्तुळ कितीही मोठे चालत असेल, तरीही झटपट काढतो. ‘जास्तीत जास्त तिघे’ अशी अट घातली की मात्र प्रश्न अतिशय कठीण होतो आणि प्रत्येक वेळी लवकर उत्तर देणारी रीत कोणालाच सापडलेली नाही. नेमकी हीच अट रुग्णालयांना घालावी लागते.

या अटीमागे माणसाचा स्वभाव आहे. समजा, आज आईने आपली किडनी परक्या माणसाला दिली आणि उद्या त्या माणसाच्या पत्नीने ऐन वेळी नकार दिला. मुलगा आजारीच राहिला आणि आईकडे द्यायला दुसरी किडनी उरली नाही. दात्याला शेवटच्या क्षणापर्यंत माघार घेण्याचा हक्क असतो आणि तो असायलाच हवा. अवयवाच्या बाबतीत कोणावर सक्ती करता येत नाही. म्हणून भरवसा ठेवण्याची वेळच येऊ नये अशी चाल खेळली जाते. सगळ्या शस्त्रक्रिया एकाच वेळी सुरू होतात. दोन जोड्यांसाठी एकदम चार शस्त्रक्रिया, तीन जोड्यांसाठी सहा. दहा जोड्यांच्या वर्तुळाला वीस लागतील. इतकी शस्त्रक्रियागृहे आणि इतकी पथके एकाच वेळी कुठून आणणार?

यातून एक वाट अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या टोलेडोचे शल्यविशारद मायकेल रीस यांनी काढली. २००७ मध्ये एका व्यक्तीने कोणत्याही नात्याविना, परतफेडीची अपेक्षा न ठेवता किडनी दिली. ती ज्या रुग्णाला मिळाली, त्याच्या दात्याने पुढच्या रुग्णाला दिली आणि अशा साखळीतून आठ महिन्यांत १० प्रत्यारोपणे झाली. साखळीत प्रत्येक जोडीला किडनी आधी मिळते आणि द्यायची नंतर असते. मध्येच कोणी माघार घेतली, तर पुढच्या रुग्णाची निराशा होते, पण त्याचा दाता अजून त्याच्याजवळ असतो. तो पुन्हा यादीत उभा राहू शकतो. त्यामुळे सगळ्या शस्त्रक्रिया एकदम करण्याची गरज उरत नाही.

या साऱ्यामागचा सिद्धान्त आणखी जुना आहे. १९७४ मध्ये लॉइड शॅपली आणि हर्बर्ट स्कार्फ यांनी एक खेळ मांडला. काही माणसे, प्रत्येकाकडे एक घर आणि पैसे मध्ये न आणता घरे बदलायची. प्रत्येकाने आपल्याला सर्वांत आवडलेल्या घराकडे बोट दाखवायचे. कुठे ना कुठे वर्तुळ जुळतेच. त्या वर्तुळातल्यांनी घरे बदलून बाहेर पडायचे आणि उरलेल्यांनी पुन्हा बोट दाखवायचे. या रीतीत खोटी आवड सांगून कोणाचाच फायदा होत नाही, हे पुढे ॲल्विन रॉथ यांनी सिद्ध केले. रॉथ, टायफुन सोन्मेझ आणि उत्कू युन्व्हर या अर्थतज्ज्ञांनी २००४ मध्ये घराच्या जागी किडनी ठेवून हाच विचार प्रत्यारोपणाला लावला. शॅपली आणि रॉथ यांना २०१२ चा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला.

मात्र रुग्ण खरे बोलले, तरी रुग्णालये सगळी पाने उघड करतील असे नाही. पुन्हा आपल्या चार जोड्यांकडे पाहू. ख आणि ग या दोन्ही जोड्या एकाच रुग्णालयात असतील, तर ते रुग्णालय बाहेर कोणाला न कळवता दोन प्रत्यारोपणे करून मोकळे होईल. त्याच्या दृष्टीने काम फत्ते. पण दुसऱ्या रुग्णालयांतले क आणि घ तसेच राहतील. त्या जोड्या सामायिक यादीत दिल्या असत्या, तर या रुग्णालयाची दोन्ही कामे होऊन आणखी दोन रुग्ण वाचले असते. मग रुग्णालये जोड्या का देत नाहीत? त्यांची भीती निराधार नसते. घ जोडी यादीत नसेल, तर यादी क-ख अशी गाठ घालू शकते आणि ग तसाच राहतो. आपल्या दारातला रुग्ण गमावण्याचा धोका कोण पत्करेल?

यावर ‘सहकार्य करा’ असा उपदेश पुरत नाही. नियमच असे हवेत, की सहकार्य करणाऱ्याचे नुकसान होणार नाही. रुग्णालयाला स्वतःच्या बळावर जेवढी प्रत्यारोपणे करता आली असती, तेवढी तरी यादीतून मिळतील अशी हमी देणे, हा एक मार्ग. सहज जुळणाऱ्या जोड्या आणणाऱ्या रुग्णालयाला गुण देऊन पुढे त्याच्या रुग्णांना अग्रक्रम देणे, हा दुसरा.

ओ गटाच्या रुग्णांसाठी तर हे फार मोलाचे आहे. ओ गटाच्या दात्याची किडनी कोणत्याही गटाला चालते. त्यामुळे असा दाता बहुधा घरच्याच रुग्णाला जुळतो आणि ती जोडी अदलाबदलीच्या यादीत येतच नाही. ओ गटाच्या रुग्णाला मात्र ओ गटाचीच किडनी लागते. परिणामी यादीत ओ गटाचे रुग्ण साचत जातात आणि दाते तुटपुंजे राहतात. घरच्या घरी जुळणाऱ्या काही जोड्या आपणहून यादीत आल्या, तर त्यांना कदाचित अधिक तरुण दात्याची किडनी मिळेल आणि एक अडलेला रुग्णही सुटेल.

भारतात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ मध्ये दुरुस्ती होऊन जवळच्या नातेवाइकांच्या जोड्यांमधील अदलाबदलीला स्पष्ट मान्यता मिळाली. त्यासाठी प्राधिकार समितीची परवानगी लागते आणि पैशाचा व्यवहार हा गुन्हा आहे. अहमदाबादच्या किडनी संस्थेत २०१३ च्या जागतिक किडनी दिनी अदलाबदलीतून १० प्रत्यारोपणे झाली, तेव्हा कौशल्य आपल्याकडे आहे हे दिसलेच. तरी आपल्याकडच्या बहुतेक अदलाबदली एकाच रुग्णालयाच्या यादीतून होत आल्या आहेत. दहा रुग्णालयांच्या दहा-दहा जोड्यांच्या वेगवेगळ्या याद्यांत दोघा-दोघांच्या गाठी होतात मिळून ४५०. त्याच शंभर जोड्या एका यादीत आल्या, तर गाठी होतात ४,९५०, म्हणजे अकरापट. त्यासाठी नवा दाता लागत नाही की नवे औषध. एक सामायिक यादी लागते आणि त्या यादीवर रुग्णालयांचा विश्वास बसेल असे नियम लागतात.