लहान विजेरीचा खटका आणि तिचा दिवा

भोसरीच्या औद्योगिक वसाहतींत गुरुवार हा इतर दिवसांसारखा नसतो. पुष्कळ कारखान्यांची ती साप्ताहिक सुट्टी. महावितरणच्या वाहिन्यांची दुरुस्तीहि बहुधा त्याच दिवशीं निघते. एरवीं लेथ, प्रेस आणि कॉम्प्रेसर यांच्या आवाजानें भरलेले गाळे त्या दिवशीं शांत असतात व देखभालीचे कारागीर तेवढे आंत काम करीत असतात. मुख्य खटका पाडलेला, छताचे दिवे बंद, पॅनेलचें दार उघडें आणि आंत तारांचा गुंता. अशा वेळीं कारागिराच्या हातांत जी वीतभरहि लांब नसलेली विजेरी असते, तिच्या उजेडांत तांबडी तार तांबडी आणि पिवळी तार पिवळी दिसावी लागते. ती तशी दिसली नाहीं आणि दोन फेजांची अदलाबदल झाली, तर शुक्रवारीं सकाळीं मोटर उलट फिरूं लागते. पंपाचें पाणी नीट चढत नाहीं, आणि कन्व्हेअरजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर माल येऊं शकतो.

विजेरी विकत घेणारा मनुष्य मात्र बहुधा एकच प्रश्न विचारतो: उजेड किती? पुण्याच्या तापकीर गल्लींत काय किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर काय, वेष्टनावर ल्यूमेनचा आंकडा ठळक छापलेला असतो आणि गिऱ्हाइकाचा हात मोठ्या आंकड्याकडे वळतो. ल्यूमेन म्हणजे दिव्यांतून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणाऱ्या उजेडाचें माप. तो उजेड कोठें पडतो, कसल्या रंगाचा असतो, किती वेळ टिकतो, आणि बोट दाबल्यावर लागतो कीं बोट उचलल्यावर, यांतलें कांहींएक त्या आंकड्यावरून कळत नाहीं. शिवाय डोळ्याचा स्वभाव असा कीं उजेड दुप्पट केला तरी त्याला तो दुप्पट वाटत नाहीं. तसें वाटावयाला साधारण मानानें चौपट लागतो. तेव्हां ३०० च्या जागीं ४०० ल्यूमेन मिळाले म्हणून फारसें कांहीं पदरांत पडत नाहीं. लहान विजेरीचा खरा गुण दोन ठिकाणीं असतो, तिच्या दिव्यांत आणि तिच्या खटक्यांत. आणि थोडें हस्तकौशल्य असेल तर हे दोन्ही बदलतां येतात.

दिव्याचा विचार आधीं करणें सोईचें. तांबडा प्रकाश देणारा एलईडी १९६२ सालीं अमेरिकेंत निक होलोनयाक यांनीं तयार केला. निळ्यासाठीं मात्र तीस वर्षें थांबावें लागलें. इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा या जपानी संशोधकांच्या परिश्रमानें तो साधला. प्रखर निळा दिवा १९९३ मध्यें जगापुढें आला, आणि २०१४ चें भौतिकशास्त्राचें नोबेल पारितोषिक या तिघांस मिळालें. निळा दिवा हातीं आल्यावर पांढऱ्याची वाट मोकळी झाली. निळ्या प्रकाशाच्या कणावर पिवळें प्रस्फुरक द्रव्य पसरावयाचें. कांहीं निळा प्रकाश त्या द्रव्यांत शोषला जाऊन पिवळा होऊन बाहेर पडतो, कांहीं तसाच निसटतो, आणि दोहोंचें मिश्रण डोळ्यास पांढरें दिसतें.

अडचण येथेंच आहे. या पांढऱ्या प्रकाशांत खरा तांबडा भाग फार थोडा असतो. तांबडी वस्तु तांबडी दिसते ती तिच्यावर पडलेला तांबडा प्रकाश ती परत फेकते म्हणून. तो मुळांत पडलाच नाहीं तर ती मळकट तपकिरी दिसणार. रंग किती खरे दिसतात याचा एक अंक ठरविलेला आहे, त्याला सीआरआय म्हणतात. १०० हें त्याचें पूर्ण माप. स्वस्त विजेऱ्यांतील दिव्यांचा हा अंक ७० च्या आसपास असतो, चांगल्यांचा ९० किंवा त्याहून अधिक. पण हा अंक आठ फिकट रंगांची सरासरी घेऊन काढतात. गडद तांबड्याची परीक्षा निराळी असते व तिला आर-९ असें नांव आहे. स्वस्त दिव्यांत हा आर-९ पुष्कळदां शून्याच्याहि खालीं जातो. म्हणून दिवा निवडतांना दोन्ही अंक विचारावे.

दुसरें माप प्रकाशाच्या उबदारपणाचें, तें केल्विनमध्यें सांगतात. ६,५०० केल्विनचा उजेड निळसर, ३,००० चा जुन्या बल्बासारखा पिवळट. घरांत पिवळट उजेड डोळ्यांस गोड वाटतो म्हणून कारखान्यांतहि तोच घ्यावा असें कोणास वाटेल. पण तेथें उलटा घोटाळा होतो. आपल्याकडे फेजांच्या तारा तांबड्या, पिवळ्या आणि निळ्या ठेवण्याची, व न्यूट्रल काळी ठेवण्याची चाल चालत आलेली आहे. पिवळट उजेडांत निळा भाग कमी असल्यामुळें गडद निळी तार काळी वाटूं लागते, आणि फेजला न्यूट्रल समजण्याची चूक ही तांबड्या-पिवळ्याच्या चुकीहून वाईट. यासाठीं पॅनेलच्या कामास ४,००० ते ५,००० केल्विनचा, सीआरआय ९० च्या वरचा दिवा योग्य. अर्थात् रंग हा केवळ संकेत होय; तारेंत वीज नाहीं याची खात्री मीटर लावूनच करावयाची असते.

रंग खरे दाखविणाऱ्या दिव्यास किंमत द्यावी लागते, ती उजेडाच्या रूपानें. त्यांत तांबडें प्रस्फुरक द्रव्य मिसळतात, आणि तांबड्या प्रकाशास आपला डोळा मंद प्रतिसाद देतो. त्यामुळें तेवढ्याच विजेंत ल्यूमेन कमी भरतात, कधीं चौथाईपर्यंत तर कधीं त्याहूनहि अधिक. दुकानदार हें नुकसान म्हणून सांगतो. वर सांगितलेला डोळ्याचा स्वभाव ध्यानांत घेतला तर तें नुकसान हातांत विजेरी असतांना फारसें जाणवत नाहीं. तांबड्याची उणीव मात्र पहिल्याच तारेपाशीं जाणवते.

दूरवर झोत टाकावयाचा असेल तर हिशेब निराळा. झोताची लांबी एकूण उजेडावर नसून प्रकाश देणारा पृष्ठभाग किती लहान व किती तेजस्वी आहे यावर, आणि परावर्तकाच्या वाटीच्या रुंदीवर अवलंबून असते. दिव्यावरचा पारदर्शक घुमट त्या पृष्ठभागास मोठें करून दाखवितो, म्हणून कांहीं लोक तो घुमट काढून टाकतात. पण हात दीड हात अंतरावरच्या पॅनेलमध्यें लांब झोत हा उपद्रवच. मध्यें डोळे दिपविणारा ठिपका आणि भोंवतीं अंधार. तेथें खडबडीत परावर्तक किंवा कांचेच्या आंतून लावलेली दुधी फिल्म उपयोगी पडते.

आतां प्रत्यक्ष बदलण्याचें काम. लहान विजेऱ्यांत सुमारें साडेतीन मिलिमीटर चौरस बैठकीचे दिवे पुष्कळ वापरतात. पांच मिलिमीटर बैठकीचे दुसरे. जुन्याच मापाचा नवा घेतला तर परावर्तकाचें भोंक व किरणांचा मेळ दोन्ही जुळतात, नाहीं तर उजेडांत काळें वर्तुळ पडतें. दिव्याखालची चकती तांब्याची आणि अशी असावी कीं दिव्याचा मधला पाय मध्यें निरोधक थर न येतां थेट तांब्यालाच चिकटेल, कारण उष्णता त्याच वाटेनें बाहेर जाते. मात्र त्या दिव्याचा मधला पाय विजेच्या दृष्टीनें अलिप्त आहे याची खात्री करून घ्यावी. डाख जुन्या तव्यावर तापवून देतां येतो. कथील व शिसें यांचा नेहमींचा डाख १८३ अंशांवर वितळतो. बिस्मथचा १३८ अंशांवर, आणि नवख्यास तोच बरा. चकतीवर डाखाचा लेप द्यावा, दिवा ठेवावा, लेप वितळतांच दिवा आपोआप जागेवर सरकतो. घुमट मऊ सिलिकोनचा असतो, त्याला चिमटा लावूं नये. आणि तवा या कामासाठीं निराळा ठेवावा. शिसें लागलेला तवा पुन्हां स्वयंपाकघरांत जातां कामा नये, मग तो कितीहि घासलेला असो. परावर्तक ॲल्युमिनियमचा असतो. तो दिव्याच्या दोन टांक्यांना टेकला तर वीज तेथेंच परतते, म्हणून मध्यें निरोधक कडें विसरूं नये. चकतीखालीं जागा उरली तर भोसरींतला कोणताहि लेथवाला कारागीर तांब्याचा वा ॲल्युमिनियमचा ठोकळा कांतून देतो. ही सोय ज्या गांवांत नाहीं तेथील हौशी लोक पत्र्याचे तुकडे कोंबतात, आणि दिवा लवकर मरतो.

दिवा व खटका यांच्यामध्यें प्रवाह आवरणारी लहानशी पट्टी असते, तिच्याबद्दल एकच गोष्ट सांगणें अवश्य आहे. उजेड मंद करण्यासाठीं कांहीं पट्ट्या दिवा अतिशय वेगानें उघडझाप करवितात. ही उघडझाप सेकंदास हजारों वेळां असली तर चिंता नाहीं. शंभराच्या घरांत असली तर लेथपाशीं ती घातक. मिनिटास २,००० फेरे घेणाऱ्या तीन जबड्यांच्या चकचें रूप सेकंदास १०० वेळां तेंच तें दिसतें. विजेरीचा दिवा त्याच गतीनें लुकलुकत असेल तर फिरता चक थांबल्यासारखा दिसेल, आणि मनुष्य हात पुढें करील. परीक्षा सोपी आहे. उजेडांत पेन्सिल भराभर हलवावी. तिच्या सुट्या सुट्या प्रतिमा दिसल्या तर ती विजेरी यंत्रापाशीं नेऊं नये.

खटक्यांचे प्रकार तीन. पहिला शेपटींतला दाबखटका. त्यांतहि दोन जाती आहेत. एकींत बटण टक् होऊन बोट उचलल्यावर दिवा लागतो आणि नंतर अर्धवट दाबल्यास उजेड कमीजास्त होतो. दुसरींत बटण अर्धें दाबतांच दिवा लागतो व बोट उचलतांच विझतो. पूर्ण दाबलें तर लागून राहतो. एका हातांत पकड धरून क्षणभर आंत डोकावणाऱ्या कारागिरास ही दुसरी जात फार सोईची. परंतु ती बसविण्यापूर्वीं पट्टी पाहावी, कारण उजेडाच्या पायऱ्या अर्ध्या दाबानें बदलणारी पट्टी या खटक्यापाशीं अडखळते. पायरी बदलावयास दिवा प्रत्येक वेळीं पूर्ण विझवून पुन्हां लावावा लागतो. दुसरा प्रकार डोकें किंवा शेपूट पिळून लावण्याचा. त्यांत बिघडण्यासारखें थोडें, पण हातमोजे घातलेल्या एका हातानें तो साधत नाहीं. तिसरा कुशीवरचा हलका विजाणु खटका. त्यांतून मुख्य प्रवाह जात नाहीं. तो पट्टीस खूण तेवढी करतो. म्हणून विजेरी बंद असतांहि पट्टी जागी असते व सेल पीत राहते. ८०० मिलिअँपिअर-तासांच्या सेलांतून २० मायक्रोअँपिअर जात असतील तर हिशेबानें साडेचार वर्षें लागतात. वाईट पट्टी एक मिलिअँपिअर पीत असेल तर तेहतीस दिवसांत सेल रिकामा. शेपूट पाव फेरा सैल करून ठेवल्यास हें थांबतें. पण ज्या विजेरीच्या आट्यांवर ॲनोडायझिंगचा थर आहे तिलाच हा उपाय लागू. उघड्या धातूच्या आट्यांतून वीज जातच राहते.

शेपटींतल्या खटक्याची खरी परीक्षा त्याच्या रोधानें होते. समजा पट्टीवर ३५० मिलिअँपिअरच्या चार नियामक चिपा आहेत, म्हणजे प्रवाह १.४ अँपिअर. दिव्यास ३.२ व्होल्ट लागतात, चिपांना ०.१२. खटका व स्प्रिंग यांचा मिळून रोध ०.२ ओहम असेल तर तेथें ०.२८ व्होल्ट खर्ची पडतात, बेरीज ३.६० झाली. म्हणजे सेल ३.६० च्या खालीं उतरतांच उजेड ढळूं लागणार. रोध ०.०५ वर आणला तर तोच उजेड ३.३९ व्होल्टपर्यंत टिकतो. लहान लिथियम सेल एवढा प्रवाह देतांना याच पट्ट्यांत पुष्कळ वेळ घालवितो, तेव्हां हा फरक कागदावरचा नव्हे. उपायहि स्वस्त: स्प्रिंगच्या दोन टोंकांना जोडणारी मऊ तांब्याची तार डाख देऊन बसवावी, आणि आट्यांवरचा काळा मळ पुसून काढावा. नवा खटका आणण्यापूर्वीं एवढें करून पाहावें. जुना खटका पुष्कळदां निर्दोषच निघतो.

सेलाविषयीं सावधगिरी हवी. १४५०० या नांवाचा लिथियम सेल मापानें घड्याळांत घालतात त्या पेन्सिल सेलाएवढाच, पण दाब १.५ च्या ऐवजीं भरलेला असतांना ४.२ व्होल्ट. केवळ मावतो म्हणून तो घातला तर त्या दाबासाठीं न केलेली पट्टी जळते. शिवाय डाखाचा एक थेंब भलत्या जागीं पडला तर उघडा लिथियम सेल क्षणांत तापून पेटूं शकतो. बदल केलेली विजेरी प्रथम साध्या सेलावर, आणि ती त्यावर चालणारी नसेल तर प्रवाहाची मर्यादा घातलेल्या वीजपुरवठ्यावर लावून पाहावी.

पॅनेलमध्यें काम करणाऱ्यानें विजेरीचें शरीरहि पाहावें. ॲल्युमिनियमची नळी दांतांत धरून आंत वाकण्याची संवय फार जणांस आहे. ती नळी निसटून दोन बसबारांमध्यें पडली आणि मुख्य खटका खरोखर पडलेला नसला तर काय होईल हें सांगावयास नको. ॲनोडायझिंगच्या पातळ थरावर विसंबूं नये. नळीवर तापवून आवळणारी प्लास्टिकची बाही चढवावी व शेपटीस दोरी बांधावी.

सर्व जुळवून झाल्यावर बुधवारीं संध्याकाळींच परीक्षा घ्यावी. तांबडी, पिवळी, निळी व काळी असे तारांचे चार तुकडे अंधाऱ्या खोलींत कोणाकडून तरी मिसळून घ्यावे आणि विजेरीच्या सर्वांत मंद उजेडांत ओळखावे. नंतर ती पूर्ण उजेडावर दहा मिनिटें हातांत धरून ठेवावी. डोकें गरम होत गेलें तर घाबरूं नये, उष्णता दिव्यापासून बाहेर येत आहे. हातास सोसेना तर एक पायरी उजेड कमी करावा. डोकें थंड राहून उजेडच उतरत चालला, तर चकतीखालचा सांधा नीट बसलेला नाहीं. विजेरी पुन्हां उघडावी.