कपाळावरच्या पट्टीचे गाव

लहानपणी ताप आला की आजी रुमालाची घडी यु-डी-कोलनच्या पाण्यात बुडवून कपाळावर ठेवीत असे. 'कोलन' हे एखाद्या औषधाचे नाव असावे अशी माझी समजूत होती. ते ऱ्हाइनकाठच्या एका जर्मन शहराचे नाव आहे, हे पुष्कळ उशिरा कळले. गेल्या वर्षी ते शहर पाहण्याचा योग आला, तेव्हा तेथील प्रसिद्ध कॅथीड्रलच्याही आधी मी फरिनांचे घर गाठले.

हे घर नगरभवनाच्या जवळच आहे. योहान मारिया फरिना (१६८५–१७६६) हा मूळचा इटलीचा. त्याच्या भावाने १७०९ मध्ये कोलोनला पेढी घातली व पुढे हाही तीत आला. त्या काळी कस्तुरीसारख्या उग्र वासांची चलती होती. फरिनाने शुद्ध मद्यार्कात बर्गमॉट, लिंबू, संत्रे यांची तेले मिसळली. मद्यार्क भराभर उडतो, आणि उडताना कातडीतील उष्णता घेऊन जातो. आजीच्या पट्टीचा गारवा तो हाच! ताप त्याने उतरत नसेल, पण बरे मात्र वाटे.

खरी अवघड गोष्ट पुढेच आहे. फळांचा वास दर हंगामाला बदलतो. तरीही बाटलीतला वास तोच राहावा म्हणून निरनिराळ्या पिकांची तेले नाकाने पारखून एकत्र करावी लागत. जुन्या बाटल्या उंच व सडपातळ आहेत. बूच ओले राहावे म्हणून त्या आडव्या ठेवीत.

वास सांभाळला, पण नाव सांभाळता आले नाही. जर्मनीत व्यापारचिन्हांचा कायदा झाला १८७४ मध्ये. तोवर कोणीही 'कोलोनचे पाणी' विकावे! काहींनी तर फरिना आडनावाच्या माणसांकडून नुसते नावच विकत घेतले. ४७११ हा मशहूर छापही आधी फरिनांच्याच नावावर चाले. ते नाव सोडावे लागल्यावर घराचा जुना क्रमांक पुढे आला. हे क्रमांक फ्रेंच अमलातले.

तळघरात वासाची चिठ्ठी हाती दिली गेली. पहिला क्षण ओळखीचा वाटला, लिंबाचा. मग वास भलतीकडेच गेला. आमच्या घरच्या बाटलीवर मुंबईचा पत्ता होता हे तेव्हा आठवले, आणि खरे सांगायचे तर थोडे वाईट वाटले. मला हवा होता तो नकलेचा वास.

शेजारीच वालराफ संग्रहालय आहे. तेथे श्टेफान लोखनरचे गुलाबांच्या मांडवातल्या मेरीचे चित्र चुकवू नये. बाकी दालने मी घाईनेच पाहिली. रोमन-जर्मन संग्रहालयाची मूळ इमारत कॅथीड्रललगत आहे. १९४१ मध्ये हवाई हल्ल्यापासून बचावासाठी तळघर खणताना डायोनिससची रोमन फरसबंदी सापडली, तिच्यावरच ती १९७४ मध्ये उभी राहिली. दुरुस्तीसाठी ती बंद झाली, तेव्हा निवडक वस्तू बेल्जियन हाउसमध्ये मांडण्यात आल्या. रोमन काचेसाठी हा संग्रह नावाजलेला आहे. सुगंधी तेलाच्या बोटभर कुप्या त्यात आहेत, फरिनाच्या कितीतरी शतके आधीच्या. त्या मात्र रिकाम्या आहेत.