आपल्या दोरीचं आणि निकेलचं नातं



हिडकलच्या पाण्यात नायलॉनचं जाळं आपोआप बुडतं, पण एचडीपीईची दोरी सुटली तर वर तरंगत राहते. कारण एचडीपीई, म्हणजे दाट पॉलिथिलीन, पाण्यापेक्षा हलकं असतं.

हे पॉलिथिलीन बनतं इथिलीन वायूपासून. वायूचे हजारो रेणू साखळीच्या कड्यांसारखे एकाला एक जोडायचे. ही जोडणी करतो तो कॅटॅलिस्ट, म्हणजे उत्प्रेरक. काम करून घेतो, पण स्वतः खर्च होत नाही.

1953 साली जर्मनीत म्युलहाइम इथं कार्ल त्सिग्लर अशी साखळी लांबवायच्या प्रयत्नात होते. पण ती दोन रेणू जोडले की तिथंच सुटायला लागली. शोधल्यावर कळलं, भांड्यात निकेलचा अंश राहिला होता! मग एकेक करून इतर धातू तपासले. टायटॅनियमनं कमी दाबातही लांबलचक साखळी दिली. एचडीपीईचा रस्ता तिथून मोकळा झाला. 1963 ला त्सिग्लर आणि इटलीचे नाट्टा यांना नोबेल मिळालं.

मग निकेल बिनकामाचा का? तसं नाही. 1995 मध्ये अमेरिकेत मॉरिस ब्रुकहार्ट यांच्या गटानं निकेलच्या अणूभोवती जाडजूड सेंद्रिय रेणूंचं कडं बसवलं. वरून-खालून वाट अडली, साखळीला सुटायला जागा उरली नाही, आणि ती वाढतच गेली. धातू तोच, फरक केला भोवतीच्या कड्यानं.

ही संयुगं हवा आणि ओल लागली की बिघडू शकतात. म्हणून ती नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेल्या बंद पेटीत बनवतात. स्फटिक तयार झाला की क्ष-किरणांनी कुठला अणू कुठं बसलाय ते बघतात. मग इथिलीन सोडून जे प्लॅस्टिक मिळतं, ते किती अंशाला वितळतं, किती ताण सोसतं, हे मोजतात. अडचण एकच: उष्णता वाढली की यातले बरेच उत्प्रेरक लवकर थकतात. म्हणून एचडीपीईच्या कारखान्यांत अजून मुख्यतः टायटॅनियम आणि क्रोमियमच चालतं.

आपल्याला याचं काय? हरवलेलं जाळं पाण्यात वर्षानुवर्षं मासे मारत राहतं. 2021 साली जर्मनीच्या कोन्स्टांझ विद्यापीठात निकेलच्याच उत्प्रेरकानं असं पॉलिथिलीन बनवलं, की ज्याच्या साखळीत मधे मधे कार्बन-ऑक्सिजनचे सांधे आहेत. ताकद एचडीपीईच्या जवळपास, पण उन्हात हे सांधे तुटतात. अर्थात खोल पाण्यात ऊन पोचत नाही, तिथं याचा फारसा उपयोग नाही. आणि कामाची दोरी होडीवरच उन्हात कमजोर झाली तर कुणाला परवडेल? हा मेळ अजून बसायचा आहे.

तोवर आपल्या हातात एवढंच: फाटलेलं जाळं, तुटलेली दोरी पाण्यात सोडू नका. काठावर आणा, एका जागी गोळा करा. धरणातले मासे आपल्याच पोराबाळांसाठी आहेत.