मंगळवेढ्याची ज्वारी 'सेंद्रिय' म्हणून का विकता येत नाही?

पुण्या-मुंबईच्या सुपरमार्केटमध्ये 'सेंद्रिय ज्वारी' लिहिलेली पाकिटं आता सहज दिसतात. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी पिढ्यान्‌पिढ्या जवळपास तशीच पिकते. पण त्या एका शब्दाचे जादा पैसे हवे असतील, तर नुसतं पिकवून भागत नाही.

ही ज्वारी वेगळी कशी?

ही मालदांडी. स्थानिक मालदांडीतून १९३०च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेलं 'एम ३५-१' हे वाण आजही रब्बीत पेरलं जातं. पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, तेव्हा पाऊस संपत आलेला असतो. पुढचे चार महिने पीक भारी जमिनीत मुरलेल्या ओलीवर उभं राहतं. ओलच कमी, तर रासायनिक खताचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून कोरडवाहू शेतकरी त्यावर बेतानंच खर्च करतो.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मानांकन सांगतं धान्य कुठलं आहे ते. ते कसं पिकवलं, हे नाही.

मग अडचण काय?

'जवळपास सेंद्रिय' असा प्रकार नियमात नाही. एखाद्यानं बियाण्याला रसायन लावलेलं असतं, कुणी खताचं एखादं पोतं टाकलेलं असतं. त्यामुळे पाकिटावर 'सेंद्रिय' छापून दुकानात विकायचं, तर एनपीओपी किंवा पीजीएस यांपैकी एक प्रमाणपत्र लागतं. एनपीओपीत बाहेरची संस्था तपासणी करते आणि निर्यातीला तेच चालतं. पीजीएसमध्ये गटातले शेतकरी एकमेकांची शेतं तपासतात. ते स्वस्त पडतं. दोन्हीकडे नोंदी ठेवाव्या लागतात आणि साधारण दोन वर्षांचा रूपांतर काळ काढावा लागतो. त्या काळात माल विकायचा साध्या ज्वारीच्याच भावानं. चार-पाच एकरवाल्यानं हे एकट्यानं करणं अवघडच, म्हणून गट किंवा शेतकरी कंपनी लागते.

मागणी वाढली, पण...

एकेकाळी भाकरी हे रोजचं जेवण होतं. रेशनच्या स्वस्त गव्हानं ताटात पोळी आणली. आता मधुमेह, ग्लुटेनमुक्त आहार यांमुळे शहरातला ग्राहक पुन्हा ज्वारीकडे वळतोय. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. त्याच वर्षीच्या जानेवारीपासून रेशनचा गहू-तांदूळ मोफत झाला, हाही एक योगायोग!

सरकारी भावात फरक किती? २०२५-२६ साठी मालदांडीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये आहे आणि संकरित ज्वारीचा ३,६९९. म्हणजे फक्त ५० रुपये जास्त. सेंद्रियसाठी या यादीत वेगळा भावच नाही.

कडब्याचं गणित

शेतकरी ज्वारी केवळ धान्यासाठी पेरत नाही. दुष्काळी भागात जनावरं जगतात ती कडब्यावर. त्यासाठी ताटं मुळासकट हातानं उपटतात, पेंढ्या बांधतात, कणसं वेगळी मोडतात. हार्वेस्टर घातला, तर कडब्याची नासाडी होते. मजूर मिळेनात आणि मिळाले तर मजुरी परवडेना, म्हणून जिथं पाणी पोहोचलं तिथं ऊस आला. कडबा नको असेल, तर ज्वारी पेरायची कशाला, हा प्रश्न तिथं उरतोच.

पाकीट घेताना काय बघायचं?

'मंगळवेढा', 'मालदांडी' आणि 'सेंद्रिय' हे तीन वेगवेगळे दावे आहेत. पहिला गावाचा, दुसरा वाणाचा, तिसरा पद्धतीचा. तिसऱ्यासाठी 'जैविक भारत' हे चिन्ह शोधा. ते नसेल, तर ज्वारी वाईट ठरत नाही. फक्त 'सेंद्रिय'चे जादा पैसे मोजायचं कारण नाही.