माणसांचा बाजार – भाग ४ : उचल आणि संमती

पावसाळ्यातच मुकादम गावात येतो आणि उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, हातावर ठेवतो. दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या ऊसतोड टोळ्या आपल्या जिल्ह्यातल्या पंढरपूर, माळशिरसच्या फडांवर उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल फिटेपर्यंत तो कोयता त्याच मुकादमाचा. याला मानवी तस्करी म्हणायचे का?

सरसकट नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या पालेर्मो करारनाम्याने तीन गोष्टी एकत्र मागितल्या : माणसाची भरती, वाहतूक किंवा त्याला ठेवून घेणे; त्यासाठी धाक, फसवणूक वा अडलेपणाचा गैरफायदा; आणि हेतू पिळवणुकीचा. सीमा ओलांडायलाच हवी असे नाही. भारताने २०११ मध्ये हा करारनामा मान्य केला, २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेचे कलम ३७० त्या धर्तीवर नव्याने लिहिले. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेचे कलम १४३ आहे.

‘पण तो स्वखुशीने आला होता, पैसे मोजून घेतले होते,’ हा बचाव फडावर हमखास ऐकू येतो. कायदा तो ऐकत नाही. तस्करी झाली की नाही हे ठरवताना पीडिताची संमती गैरलागू, असे कलमातच लिहिले आहे.

शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात जून २०२३ मध्ये ढोकी पोलिसांनी विहिरी खोदायला आणलेले ११ मजूर सोडवले. दिवसभर विहिरीत राबवायचे, रात्री साखळीने बांधायचे. त्याआधी एक मजूर निसटला म्हणून हे बाहेर आले. तिथे कलम ३७० लावताना फार विचार करावा लागला नसेल.

उचलीची साखळी दिसत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. पालेर्मोच्या व्याख्येत सक्तीचे श्रम स्पष्ट आहेत. आपल्या २०१३ च्या वटहुकुमातही होते, संसदेने केलेल्या कायद्यातून मात्र गळाले. गुलामगिरीसदृश प्रथा, चाकरी हे शब्द उरले. त्यांत खाड्याचे कापलेले पैसे आणि पुढच्या हंगामावर ढकललेली बाकी बसवायची, तर तपास अधिकाऱ्याला हिशेबाची वही वाचावी लागते.

टोळीसाठी मुकादमाला पैसे देणाऱ्या ऊस-वाहनमालकांचीही बाजू आहे. लाखो रुपये घेऊन मुकादमाने टोळीच आणली नाही, अशा तक्रारी जिल्ह्यात नेहमीच्या. ती फसवणूक खरीच. तिची वसुली पोलीस ठाण्यात, दिवाणी न्यायालयात. ती मजुराला कोपीत अडकवून करता येत नाही.

तस्करीचे कलम बसले नाही तरी वाट बंद होत नाही. एशियाड मजुरांच्या खटल्यात १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवरचे काम राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ खालची वेठच ठरवले. पोटाची नड हीसुद्धा सक्ती, असे म्हटले. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने तर वेठीला बांधणारे कर्जच रद्द होते. पुढच्या आठवड्यात जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणाऱ्या मुक्ती-दाखल्याविषयी.